मागच्या पानावरची खदान

वणीजवळच्या एका खदानीत पाणी उपसायचे दोन मोठे पंप बसवायला बेल्जियमचा इंजिनियर आला, तेव्हा मजुरांच्या खोल्यांच्या लाईनीत बेल्जियमबद्दल एवढंच ठाऊक होतं की तिथले आरसे चांगले असतात. त्यामुळे त्याचं नाव पडलं आरसेवाला साहेब. ही १९६१ सालची गोष्ट. साहेबासोबत त्याची बायको होती आणि दोन लेकरं. त्यांच्या बंगल्यावर धुणीभांडी करायला बाई पाहिजे होती, ते काम कांताबाई नगराळेला मिळालं.

कांताबाई तेव्हा तिशीच्या आतबाहेर होती. मूळची फुलसावंगीकडच्या एका खेड्यातली. १९५६ च्या दसऱ्याला ती आणि तिचा नवरा डोमाजी पांढरे कपडे घालून नागपूरला गेले, त्या अफाट गर्दीत उभे राहून प्रतिज्ञा म्हटल्या आणि बौद्ध होऊन परत आले. आल्याबरोबर डोमाजीने घरातले देवांचे टाक नदीत सोडले. गावातलं मेलेलं ढोर ओढायला आता येणार नाही, असं त्याने सांगून टाकलं. त्यानंतर गावाने त्यांना निंदणाला, वेचणीला, कशालाच बोलावलं नाही. दोन हंगाम कसेबसे निघाले. मग एक दिवस डोमाजी म्हणाला, "वणीले कोयशाची खदान हाये. तिथं जात नाई पुसत म्हन्तेत. पाठ पाह्यतेत फक्त."

अशी ती दोघं लहानग्या नलूला घेऊन वणीला आली. डोमाजी ठेकेदाराच्या टोळीत कोळसा भरायला लागला.

गावात असताना नवरा कुठे आहे हे कांताबाईला नेहमी ठाऊक असायचं. कोणाच्या वावरात, कोणत्या धुऱ्यावर, बांधावर, हे तिला घरात बसून दिसायचं. इथे तो सकाळी लोखंडी पिंजऱ्यात उभा राहायचा आणि जमिनीत जायचा. त्यापुढचं तिला काहीच दिसत नसे.

"खाली काय असते?" तिने सुरुवातीला विचारलं होतं.

"अंधार असते."

"अन् मंग?"

"मंग काय? कोयसा असते."

डोमाजी घुमा नव्हता. पण खालचं वर बोलायचं नाही, असा त्या माणसांचा एक रिवाजच होता. खदानीचा भोंगा पाळी बदलताना वाजायचा. त्या वेळेखेरीज तो वाजला की लाईनीतली प्रत्येक बाई हातातलं टाकून दारात येऊन उभी राहायची. कधी भोंगा तपासायला वाजवलेला असायचा. कधी कोणाचा पाय चेंगरलेला असायचा. बाया एकमेकींकडे न बघता पुन्हा घरात जायच्या. कांताबाई मात्र त्या दिवशी पाळी सुटेपर्यंत दारातच बसून राहायची.

तिच्या शेजारच्या खोलीत गंगी राहायची. बंजाऱ्याची, तीही फुलसावंगीकडच्या तांड्यावरची. तिचा नवरा रूपसिंग डोमाजीच्याच टोळीत होता. दोघीही एकाच मातीतल्या, म्हणून इथे आल्यावर बहिणीसारख्या झाल्या. गंगी तोंडाने फटकळ होती, पण नलूच्या तापात रात्रंदिवस उशाशी बसली होती तीच.

बंगल्यावर साहेबाच्या लेकरांसाठी त्यांच्या देशातून चित्रांचं एक साप्ताहिक यायचं. बोटीने यायचं म्हणून एकदम गठ्ठाच यायचा. पहिल्या पानावर रंगीत चित्रांची गोष्ट असायची. एक ढेरपोट्या शिपाई आणि त्याचं बदक. बदक शिपायाला सारखं तोंडघशी पाडायचं. अक्षर न कळताही हसू यायचं. वाचून झालेले अंक साहेबाची बायको, म्हणजे मॅडम, कांताबाईला देऊन टाकायची. नलू ते घेऊन लाईनीत बसली की तिच्याभोवती पोरांचा घोळका जमायचा, मोठी माणसंही मान वाकवून बघून जायची. शिपायाला तर रूपसिंगने नावही दिलं होतं, जमादार.

मागची पानं कोणी उघडत नसे. तिथे सायकलींच्या, साबणाच्या जाहिराती होत्या.

एकदा कांताबाई फळीवर अंथरायला म्हणून एका अंकाची पानं सुटी करत होती. मागच्या पानावर, जाहिरातीला लागून, एक काळी चित्रांची पट्टी होती. रंग नाही, हसू नाही. एक दाढीवाला म्हातारा बत्ती घेऊन बोगद्यात उभा होता आणि एका लाकडी खांबाला कान लावत होता. त्याच्यामागे डोक्यावर टोप्या घातलेली माणसं, तोंडं काळी, डोळे तेवढे पांढरे. पाळी सुटल्यावर डोमाजीचं तोंड असंच दिसायचं.

ती खाली बसली. चित्राच्या कोपऱ्यात एक बारकी गोगलगाय काढलेली होती. ही गोगलगाय तिने कुठेतरी पाहिली होती. तिने अंक उलटला. ढेरपोट्या शिपायाच्या पायाशी, अगदी तशीच, तीच गोगलगाय. म्हणजे हसवणारा आणि हे काढणारा हात एकच होता.

त्या दिवशी तिने घरातले सगळे अंक काढले. डब्याखाली अंथरलेले, गंगीकडे गेलेले, पोरांनी फाडलेले, सगळे. पहिल्या पानावरच्या शिपायाच्या गोष्टीवरून कोणता अंक आधीचा, कोणता नंतरचा हे तिला लावता आलं, आणि त्या हिशेबाने तिने मागची पानं एकाखाली एक मांडली.

ती एक सलग गोष्ट होती. कुठल्यातरी थंड गावात एक खदान. आभाळातून पांढरं काहीतरी पडत होतं; तिला वाटलं जिनिंगमधला कापूस उडून राहिला आहे. त्या खदानीत खाली एक घोडा होता, गाड्या ओढायला. एक दिवस घोडा पुढे जाईना. म्हाताऱ्याने धोका ओळखला. तो माणसांना मागे फिरा म्हणून सांगतो आहे, कोणी ऐकत नाही. मग धूर. पळणारी माणसं. वर फाटक, आणि फाटकाबाहेर शाली गुंडाळलेल्या बाया.

डोमाजी घरी आल्यावर तिने त्याला पानं दाखवली. त्याने आधी हसून सोडून दिलं. "गोऱ्यायची खदान हाये थे." पण भाकरी खाता खाता त्याची नजर पुन्हा पुन्हा तिकडे जायला लागली. शेवटी त्याने हात पुसला आणि पान बत्तीजवळ धरलं.

"हा बुढा खांबाले कान काहून लावून राह्यला?"

"मले काय मालूम? तुमीच सांगा."

डोमाजीने बत्तीची वात वर केली. "छत बसाले लागलं का खांब आवाज देते. कडकड नाई, बारीक. कुत्रं हाड चघळते ना, तसा. जुने मानसं ऐकतेत." मग घोड्यावर बोट ठेवून म्हणाला, "खाली घोडा! आमच्याकडे घोड्याचं कामबी आमीच करतो."

त्या संध्याकाळी डोमाजी पहिल्यांदा खालचं बोलला. पाणी कुठून झिरपतं, हवा कुठे कोंडते, जुन्या बंद पडलेल्या खदानीचं पाणी भिंतीपलीकडे कसं साठून आहे, सगळं. कांताबाई ऐकत होती. तिला आनंद व्हायला हवा होता. झालं उलटंच. आजवर खाली म्हणजे नुसता अंधार होता. आता त्या अंधारात खांब होते, पाणी होतं, छत होतं. आता ती भांडी घासताना मध्येच थांबायची आणि कान द्यायची, जणू बंगल्याच्या फरशीखालून तो बारीक आवाज तिला येणार होता.

आणि गोष्ट तर थांबत नव्हती. पुढच्या गठ्ठ्यात पुढची पानं आली. फाटकाशी एक टोपीवाला माणूस खुर्चीवर उभा राहून बायांना काहीतरी सांगतो. बाया डोळे पुसतात, हसतात, घरी जातात. सगळे सुखरूप आहेत असंच त्याने सांगितलं असणार. एकच बाई जात नाही. आणि शेवटच्या पानावर खदानीच्या तोंडाशी गवंडी आले आहेत. विटांचा ढीग, कालवलेला गारा. ते तोंड बुजवत आहेत. दूर ती एकटी बाई उभी.

पुढच्या अंकात त्या जागी साबणाची जाहिरात होती. त्याच्या पुढच्याही अंकात तेच.

कांताबाईने सगळा गठ्ठा तीनतीनदा उलटला. मग धीर करून मॅडमला विचारलं. मॅडम मोडकंतोडकं हिंदी बोलायची. तिने पान हातात घेतलं, नाकावर चष्मा चढवला आणि नवल वाटल्यासारखी बघत राहिली. तिनेही ते कधी नीट पाहिलं नव्हतं.

"ये? अच्छा, ये. बच्चा लोग डर गया. माँ-बाप गुस्सा किया. तो बंद." तिने हाताने कात्रीसारखं केलं. "ये आदमी का बत्तख सब को पसंद. ये कोई नहीं देखता."

"पर वो लोग बाहर आया क्या?" कांताबाईने विचारलं.

मॅडमने खांदे उडवले आणि पान परत दिलं.

लाईनीतल्या बायांना ही गोष्ट कांताबाईने सांगितली ती एका दुपारी, नळावर. सांगायची असं ठरवलं नव्हतं. पोटात मावत नव्हती म्हणून सांगितली. बाया घागरी तशाच ठेवून ऐकत राहिल्या. विटांपर्यंत गोष्ट आली आणि गंगी उठली.

"बंद कर!" ती ओरडली. "आपले मानसं खाली हायेत अन् तू काय बोलून राह्यली? जाळून टाक थे कागदं. अपशकुन हाये थो."

"मी शकुन-अपशकुन मानत नाई गंगी."

"तू नको मानू. मी मानतो. माह्या नवऱ्याच्या जिवाचं हाये."

गंगी घागर घेऊन निघून गेली आणि पुढे कितीतरी दिवस कांताबाईशी बोलली नाही. कांताबाईने शकुन मानत नाही असं म्हटलं खरं, आणि तिचा तसा पक्का निर्धारही होता. नागपूरला तिने ते सगळं सोडून दिलं होतं. पण त्या रात्री तिने पानं चुलीजवळ नेली आणि परत आणली. जाळली तर भीतीपोटी जाळली असं होईल. ठेवली तर घरात ती विटांची भिंत राहील. तिने ती पत्र्याच्या पेटीत साड्यांखाली ठेवून दिली. बऱ्याचदा रात्री कूस बदलताना तिला त्या पेटीचा भास होई.

१९६२ चा भादवा. पोळा होऊन गेला होता. सकाळची पाळी खाली उतरून फार वेळ झाला नव्हता, आणि भोंगा वाजला. एकदा वाजून थांबला नाही. वाजतच राहिला.

कांताबाई बंगल्यावरून तशीच धावली. फाटक बंद होतं. लाईनीतल्या सगळ्या बाया तिथे होत्या, गंगीही. जुन्या खदानीचं पाणी भिंत फोडून आत शिरलं, एवढं कळलं होतं. पिंजरा वर येत होता, खाली जात होता. येणारी माणसं छातीपर्यंत भिजलेली. प्रत्येक खेपेला बाया फाटकाला चिकटायच्या आणि एकेक नाव ओरडायच्या. ज्याचं माणूस आलं ती बाई रडत त्याला घेऊन जायची. गर्दी कमी व्हायला लागली.

दुपारी मॅनेजर फाटकाशी आला. त्याच्यासाठी कोणीतरी स्टूल आणून ठेवलं. तो स्टुलावर चढला.

कांताबाई फाटकाच्या आणखी जवळ सरकली.

"सगळी माणसं वर आली आहेत," मॅनेजर म्हणाला. "कोणी घाबरायचं कारण नाही. आता घरी जा."

"माहा नवरा नाई आला!" गंगी ओरडली.

"दुसऱ्या तोंडाने निघाला असेल. घरी जाऊन बघा."

काही बाया खरंच घरी गेल्या. गंगीही निघाली होती. मॅनेजर म्हणतो आहे तर असेल बाबा खरं, असं तिला वाटत होतं. कांताबाईने तिचा हात धरला.

"नको जाऊ."

"काहून? रूपसिंग घरी आला असन तं?"

"नको जाऊ गंगी. थ्याईलेबी असंच सांगतलं होतं."

गंगीने तिच्याकडे पाहिलं. कोणाला, काय, हे तिला विचारावं लागलं नाही. मग ती कांताबाईच्या बाजूला मातीत बसली. ठेकेदाराच्या टोळीतल्या आणखी काही बाया त्यांच्याजवळ येऊन बसल्या. त्यांच्यापैकी कोणाचाच नवरा घरी आला नव्हता. मॅनेजरने मोजली होती ती कंपनीची माणसं. ठेकेदाराची माणसं कोणी मोजलीच नव्हती, आणि ठेकेदार सकाळपासून कोणाला दिसला नव्हता.

बायांनी चौकीदाराला सांगितलं. चौकीदार म्हणाला, मॅनेजर साहेबाला सांगतो. तो आत गेला आणि आला, आणि म्हणाला, साहेब कामात आहेत.

दुसऱ्या दिवशी उजाडताच एक ट्रक फाटकातून आत गेला. पाठीमागचं फळकं उघडं होतं. आत विटा होत्या.

कांताबाई ट्रकच्या मागे दोन पावलं गेली. गंगीनेच तिला विचारलं, "विटा कायले?" उत्तराची वाट न बघता तिने पुन्हा विचारलं, या वेळी किंचाळून, "कांताबाई, विटा कायले आनल्या?"

खरं कारण नंतर कळलं. पाणी बाकीच्या खदानीत पसरू नये म्हणून फुटलेल्या बोगद्याचं तोंड बांधून काढायचं होतं. आत कोणी नाही अशीच समजूत होती. पण फाटकाबाहेर बसलेल्या बायांना हे कोण सांगणार? आणि सांगितलं असतं तरी त्यात काय फरक पडला असता?

कांताबाई घरी धावली. साड्या बाहेर फेकल्या, पानं काढली. तिथून बंगल्यावर. मॅडम व्हरांड्यात उभी होती. साहेब आदल्या दिवसापासून पंपांवरच होता. कांताबाईला हिंदी सुचेना, मराठी सुचेना. तिने शेवटचं पान मॅडमसमोर धरलं. विटांवर बोट ठेवलं, मग खदानीच्या दिशेने बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"मेरा आदमी अंदर. गंगी का आदमी अंदर. नौ आदमी. सच्ची अंदर."

मॅडमने पानाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. चप्पलही न घालता ती कांताबाईसोबत निघाली. फाटकावर चौकीदाराने कांताबाईला अडवलं. मॅडमने कांताबाईचं मनगट धरलं आणि दोघी आत गेल्या.

साहेब पंपाजवळ उभा होता, दाढी वाढलेला, तेलाने माखलेला. मॅडम त्याच्याशी त्यांच्या भाषेत भराभर बोलली. तो आधी वैतागला. बायकोने कागद पुढे केला, तो त्याने नुसता घ्यायचा म्हणून घेतला. मग त्याने चित्रांतली अक्षरं वाचली. कांताबाई त्याचं तोंड बघत होती. त्याने कोपऱ्यातल्या गोगलगाईवर अंगठा फिरवला, बायकोला काहीतरी विचारलं, तिने मान हलवली. त्याने कांताबाईला विचारलं, "कितना?"

"नौ."

"कौन बोला सब बाहर?"

"मॅनेजर साब बोला. पर वो ठेकेदार का आदमी नहीं गिनता."

साहेब पान हातात घेऊनच मॅनेजरच्या ऑफिसात गेला. आतून चढ्या आवाजात बोलणं ऐकू आलं. थोड्या वेळाने ठेकेदाराला वणीहून धरून आणलं. तो घामाने थबथबला होता. त्याने सांगितलं: हो, त्याची टोळी त्या दिवशी फुटलेल्या बोगद्यातल्या वरच्या चढावावर होती, बाहेर आली की नाही, त्याला माहीत नव्हतं.

विटा खाली उतरवल्या गेल्या नाहीत. दोन्ही पंप त्याच बोगद्याला जोडले. कांताबाई आणि गंगी फाटकाच्या आत बसल्या, आता त्यांना कोणी हटकत नव्हतं. पंपाच्या पाइपातून काळं पाणी धो धो बाहेर पडत होतं आणि दोघी त्या पाण्याकडे बघत होत्या. पाणी येतं आहे तोवर आत काम चालू आहे. मध्येच एक पंप अडकला, धार बारीक झाली, आणि कांताबाई उठून उभी राहिली. साहेब धावत गेला. धार पुन्हा मोठी झाली. गंगी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती. कांताबाई काही पुटपुटत नव्हती, तिच्याकडे म्हणायला आता एकच होतं, बुद्धं सरणं, आणि तेही तिला पुरतं आठवेना.

दिवस गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी खाली गेलेली माणसं आवाज ऐकून आली. माणसांचा आवाज.

सात जण वर आले. डोमाजी चौथ्या माणसासोबत आला. त्याला उजेड सहन होत नव्हता. त्याने कांताबाईला आवाजावरून ओळखलं.

रूपसिंग आला नाही. उकंडा म्हणून एक म्हातारा होता, तोही नाही. पाणी शिरलं तेव्हा उकंडा मागे राहिला होता, रूपसिंग त्याला आणायला उलटा खाली उतरला. डोमाजीने त्याला हाक मारली होती. रूपसिंग म्हणाला होता, "आलोच." दोघांची प्रेतं पाणी आणखी उतरल्यावर मिळाली.

कांताबाई नंतर म्हणायची की त्या दुपारी आपण हसलो की रडलो हे तिला आठवत नाही. डोमाजीचा हात तिच्या एका हातात होता, आणि दुसऱ्या हाताने तिने गंगीला धरलेलं होतं.

पुढे कित्येक दिवस कांताबाईला गंगीच्या दारासमोरून जायचा धीर होत नव्हता. आपला नवरा आला, हेच तिला अपराधासारखं वाटत होतं. शिवाय ते शब्द होते, अपशकुन हाये थो. गंगी आता ते पुन्हा म्हणेल, सगळ्यांदेखत म्हणेल.

गंगी स्वतःच आली. कपाळ मोकळं, हातांतल्या पांढऱ्या बलोट्या, सौभाग्याच्या बांगड्या, उतरवलेल्या. उंबऱ्यातच बसली.

"थे कागदं दाखव."

"नको गंगी."

"दाखव म्हन्तो ना."

कांताबाईने पानं आणून तिच्यापुढे मांडली. गंगीने घोडा पाहिला, म्हातारा पाहिला. खांबाला कान लावणाऱ्या म्हाताऱ्याजवळ ती खूप वेळ थांबली. "असं असते काय खाली?" तिने विचारलं. "मले त्यानं कधी सांगतलंच नाई." डोमाजी भिंतीला टेकून बसला होता. त्याने हळूहळू तिला सगळं समजावून सांगितलं, जसं कांताबाईला सांगितलं होतं. रूपसिंग कुठे उभा राहायचा, कोणत्या बाजूने उतरला, तेही. गंगी ऐकत राहिली. रडली नाही. जाताना म्हणाली, "जाळू नको."

साहेबाने आपल्याकडचं पान परत आणून दिलं आणि बाकीची पानं बघायला मागितली. बंगल्याच्या टेबलावर त्याने ती ओळीने लावली. तो स्वतः खदानीच्याच मुलखातला होता. मॅडमकडून त्याने कांताबाईला सांगितलं, "हमारे गाँव में हर घर में वो बत्तख है. ये किसी घर में नहीं. मैं भी नहीं देखा." मग त्याने पानं गोळा करून कांताबाईच्या हातात दिली.

१९६३ साली पंपांचं काम संपलं आणि ती मंडळी जायला निघाली. निघताना मॅडमने विचारलं, ही पानं नेऊ का? तो चित्रकार अजून आहे, त्याला दाखवीन. कांताबाईने आजवर बंगल्यावर कशालाच नाही म्हटलं नव्हतं. तिने पेटी उघडली, विटांचं पान काढून दिलं आणि बाकीची ठेवून घेतली. ते एक पान तिला घरात नकोच होतं. मॅडमने ते पुस्तकात घालून नेलं. त्या चित्रकाराने ते पाहिलं की नाही, पाहून काय म्हणाला, हे वणीत कोणाला कधी कळलं नाही.

डोमाजी पुन्हा खाली गेला नाही. वणीतच जिनिंगमध्ये गाठी उचलायचं काम त्याला मिळालं. मजुरी कमी होती, पण संध्याकाळी तो दिसत होता. खदानीचा भोंगा मात्र तिथवर ऐकू यायचा, आणि वेळेखेरीज वाजला की कांताबाई अजूनही दारात येऊन उभी राहायची. आता कोणासाठी, असं डोमाजीने एकदा विचारलं. ती म्हणाली, "कोनाचा ना कोनाचा असनच ना खाली."

गंगी लेकरांना घेऊन फुलसावंगीकडच्या तांड्यावर परत गेली होती. तिचा दीर खेमसिंग भला माणूस होता, त्याने तिला वावराचा एक तुकडा कसायला दिला. १९६५ च्या दिवाळीनंतर कांताबाई मोटारीने तिच्याकडे गेली. दोघी वावरात कापूस वेचत होत्या. गंगीचं अंग वाळलं होतं, पण बोलणं तसंच फटकळ होतं. कमरेला बांधलेल्या ओट्यात कापूस टाकता टाकता तिने विचारलं,

"थ्या कागदातल्या बायायचं काय झालं मंग? फाटकापाशीच्या?"

"मालूम नाई. तिथूनच बंद झालं थे."

"तुले लोकं पुसत असतीन."

"पुसतेत. मी मनानं जोडून नाई सांगत. जिथं संपते तिथं संपवतो."

गंगी दोन-तीन झाडं पुढे गेली. वळली नाही, हातही थांबले नाहीत.

"घरी गेल्या असतीन," ती म्हणाली. "लेकरं उपाशी होते ना घरी. चूल पेटवली असन."

कांताबाई गंगीच्या बाजूच्या ओळीत आली, आणि ऊन चढायच्या आत तेवढा तुकडा उरकायचा म्हणून दोघी वेचत राहिल्या.